बट क्रमांक सतरा

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कपाटावर टाकशील, या भीतीने पत्ता बायकोकडून लिहून घेतला आहे. ती पोस्टात खिडकीवर बसते, त्यामुळे तिचं अक्षर दिसतंही सरकारी, आणि सरकारी पत्र फोडल्याशिवाय तुला चैन पडत नाही. आता फोडलंच आहेस तर उभ्या उभ्या टराटरा फाडू नकोस. शिलाई मशीन थांबव, जरा टेक. आपण बोललो त्याला दोन वर्षं आणि दोन महिने झाले. मला माझी बहीण परत हवी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी सवय तुला माहीत आहे. डोकं हातात आलं की कानापासून सुरुवात करतो आणि मानेपर्यंत पोचेस्तोवर काय बोलायचं होतं तेच विसरतो.

दुकान बरं चाललं आहे. अण्णांच्या तिन्ही खुर्च्या अजून जागच्या जागी आहेत. मधलीचं पेडल अजूनही मनात येईल तेव्हाच चालतं, त्यामुळे गिऱ्हाईक कधी छताकडे निघतं तर कधी एकदम खाली बसतं. नवी गोष्ट एकच, रोज पाच ते सहा दुकानात शांतता असते. हसू नकोस, खरंच. रेडिओ बंद, मशीन बंद आणि बोलणंही बंद. अण्णा एका दाढीत गिऱ्हाइकाच्या तीन पिढ्यांची चौकशी उरकायचे, आणि त्यांच्याच दुकानात त्यांचा मुलगा तासभर तोंड मिटून उभा असतो. पहिल्या आठवड्यात तिघांनी पोस्टात जाऊन बायकोला हळूच विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना, कोणी गेलं वगैरे नाही ना. एका गृहस्थांनी कानाजवळ हात नेऊन खुणेनेच विचारलं की जरा फोन करून येऊ का. मी त्यांचा कल्ला उडवला. दुसरा त्यांनी मग स्वतःहूनच उडवून घेतला, काय करतील बिचारे. फायदा झाला तो एकट्या हेडमास्तरांचा. तेच, आपल्याला शाळेत होते ते. निवृत्त झालेत, डोक्यावर मोजून मूठभर केस आहेत, तरी दर आठवड्याला पाचच्या ठोक्याला हजर. मला म्हणाले, आयुष्यभर 'शांत बसा, शांत बसा' म्हणून घसा फोडला, पण ते झालेलं पाहायला मात्र तुझ्या सलूनमध्ये यावं लागलं.

हे सगळं कोणासाठी, ते तुला वेगळं सांगायला नको. तुझी भाची पाचला शाळेतून सरळ दुकानात येते. गिऱ्हाइकं तिला मॅडम म्हणतात. मॅडम आल्या की दप्तर दुसऱ्या खुंटीवर अडकवतात. दुसऱ्या खुंटीवर कोणाचा कोट असला तर त्या कोटासमोर नुसत्या उभ्या राहतात. बोलत नाहीत, रागावत नाहीत, पण अर्ध्या मिनिटात कोटवाला अर्धवट साबण लावलेल्या तोंडाने उठतो आणि कोट हलवतो. आता तर नवख्याला जुनी गिऱ्हाइकंच सांगतात, बाबा रे, ती खुंटी सोडून कुठेही. डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम असल्याचं सांगितलं तेव्हा ती चार वर्षांची होती. त्या म्हणाल्या, तिला आवाज आपल्यापेक्षा मोठे ऐकू येतात, आणि पुढे काय होणार हे ठाऊक नसलं की तिला फार त्रास होतो. हे ऐकून मी बायकोला म्हणालो, पुढे काय होणार हे मलाही ठाऊक नसतं. बायको म्हणाली, म्हणून तर तुलाही मीच सांभाळते.

आता जे सांगणार आहे ते मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सगळ्या गावाची डोकी करणाऱ्या माणसाची स्वतःची मुलगी केस कापू देत नव्हती. मशीनचा आवाज तिला सहन व्हायचा नाही, मानेवर पडलेले केस टोचायचे, ओल्या फवाऱ्याचं तर नावच काढायला नको. मी सगळे उपाय करून पाहिले. गोष्टी सांगितल्या, गोळ्या-बिस्किटं दिली, स्वतःच्या डोक्यावर कात्री चालवून दाखवली, आणि त्या नादात पुढची झुलपं गमावून बसलो. शेवटी तोडगा तिनेच काढला. एक दिवस पाच वाजून दहा मिनिटांनी ती तिसऱ्या खुर्चीत चढून बसली, एक बट दोन बोटांत धरली आणि म्हणाली, "एक." मी ती बट कापली. ती उतरली आणि गृहपाठाला बसली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, शेजारची बट, "दोन." तिच्या हिशेबाने तिच्या डोक्यात चोवीस बटा आहेत. डाव्या कानापासून सुरू होऊन मागून फिरत उजव्या कानाला संपतात. रोज एक, दुकान बंद असेल त्या दिवशी नाही, कारण दारावर 'बंद' लिहिलेलं असतं. चोविसावी होईपर्यंत पहिली वाढलेली असायची, म्हणजे लगेच पुन्हा एक. बायको म्हणायची, हिचं डोकं म्हणजे कायम चालू असलेलं बांधकाम.

हे मी तुला कळवलं नाही ते निव्वळ लाजेपोटी. अण्णांनी आधी तुझ्या हातात कात्री दिली होती, माझ्या नाही. तू दहा वर्षांची असताना शेजारपाजारच्या बायकांचे केस कापायचीस आणि अण्णा मला म्हणायचे, बघ, हिचा हात कसा चालतो. पुढे तू कापडाकडे वळलीस म्हणून दुकान माझ्याकडे आलं, हे मी कधी विसरलो नाही. अशा बहिणीला कुठल्या तोंडाने सांगायचं की मी पोटच्या पोरीचं एक डोकं करायला महिना घेतो? फोनवर तू विचारायचीस, केस कसे आहेत रे माझ्या बाहुलीचे, आणि मी ठोकून द्यायचो, वाढवतोय. त्याच सुमाराला नव्या बाजारसंकुलात दुसरं दुकान काढायचा प्रस्ताव आला होता. तो मी नाकारला, ते तुला भलत्याच कोणाकडून तरी कळलं. प्रस्ताव घेऊन आलेल्या साहेबांना मी खरं कारण सांगितलं होतं, की रोज पाच वाजून दहा मिनिटांनी मला इथे एक बट कापायची असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या झुलपं नसलेल्या कपाळाकडे पाहिलं आणि चहा अर्धा टाकून गेले. तुला मात्र मी सांगितलं, बघू पुढे. तुझ्या मनात अढी बसली ती तिथपासून, आणि ती मीच बसवली.

मग दुकानाला पन्नास वर्षं झाली. फोटो काढायचं ठरलं, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार होता, तू आदल्या रात्रीच्या गाडीने येणार होतीस. मी मोठा शहाणपणा करून चोवीस दिवस आधी एक नंबरची बट धरली, या वेळी जरा आखूड, कानापर्यंत, म्हणजे आदल्या दिवशी चोविसावी होऊन सगळं डोकं एकसारखं दिसेल. आयुष्यात प्रथमच मी एवढं आखून काही केलं, आणि त्यात दुकानाच्या सुट्ट्याच मोजायला विसरलो! चार दिवस सुट्टीत गेले. सहा दिवस तिला सर्दी झाली. मग भिंतीवरचं घड्याळ पाचला दोन मिनिटं असताना बंद पडलं. मी लगेच बॅटरी बदलली, पण एकदा दगा दिलेल्या घड्याळावर तिचा विश्वास बसायला चार दिवस लागले. फोटोच्या सकाळी तुझ्या भाचीच्या दहा बटा कानापर्यंत आणि चौदा बटा खांद्यापर्यंत होत्या. डावीकडून पाहावं तर एक मुलगी, उजवीकडून पाहावं तर दुसरीच.

तू आलीस, तिच्याकडे पाहिलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. ती नजर मला अजून आठवते. मी फोटोग्राफरला खुर्च्या कशा लावायच्या ते सांगण्यात गुंतल्याचं सोंग घेतलं. त्याच वेळी सांगून टाकलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. तुला वाटलं, भावाला दुकानाचं सुचत नाही ते नाहीच, पोरीकडेही बघत नाही. ती तिसऱ्या खुर्चीत बसून गुणगुणत होती. तू मायेनेच मागून गेलीस, पर्समधून कात्री काढलीस, "आता बघ कशी गोड दिसशील" म्हणालीस आणि उजव्या बाजूची एक बट कापलीस. पुढचं तुला ठाऊक आहे. ती अशी किंचाळली की फोटोग्राफरच्या हातून बटण दाबलं गेलं. दुसरा फोटो निघालाच नाही, म्हणून तोच छापून आला. तू तो पाहिलास की नाही कोण जाणे. हेडमास्तरांनी दोन्ही कानांवर हात ठेवलेत, बायको पळत येताना अर्धी चौकटीबाहेर आहे, मी आ वासला आहे, तू कात्री उगारून उभी आहेस, आणि मधे ती, दोन्ही हात डोक्याच्या टाळूवर, मागच्या आरशात तिचं पाठमोरं डोकंही दिसतं. खाली छापलं होतं, 'पन्नास वर्षांचा हसतखेळत प्रवास.'

ती खुर्चीखाली जाऊन बसली ती तीन तास. आणि आपण दोघं तिच्या डोक्यावर उभे राहून भांडलो. खरं सांगू, मला पहिला राग आला तो तू कापड कापायच्या कात्रीने केस कापलेस याचा. माणूस किती कोता असतो! तू म्हणालीस, पोरीच्या पायी अण्णांचं दुकान घालवशील, आणि पोरीचंही भलं करणार नाहीस. मी म्हणालो, माझ्या घरात आधी माझी मुलगी, मग दुकान, मग बाकीचे. तू म्हणालीस, बाकीच्यांत मी का? आणि त्यावर मी जे एक वाक्य बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहावं लागणार आहे, थोडं पुढे. तुझी गाडी चारला होती. तू साडेबारालाच निघालीस.

त्यानंतर दोन वर्षं तिने कोणालाही केसांना कात्री लावू दिली नाही. आता ती नऊ वर्षांची आहे आणि केस कंबरेला टेकलेत, तेही पायऱ्या-पायऱ्यांनी. एका कॉलेजातल्या मुलीने दुकानात येऊन मला विचारलं, मॅडमसारखा कट कितीला करता? मी म्हणालो, त्याला दोन वर्षं आणि एक भांडण लागतं. पण पाच वाजून दहा मिनिटांनी ती रोज, अगदी रोज, तिसऱ्या खुर्चीत चढून बसते. मी कात्री घेऊन विचारतो, कापू का? ती म्हणते, नको. दोन मिनिटं थांबते आणि उतरते. आणि दर वेळेला मी मनात म्हणायचो, बघ ताई, काय करून ठेवलंस, कशी धसकली आहे पोर. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, आत्याने धसका दिला. सांगताना बरंही वाटायचं. ही गोष्ट कबूल करायला सगळ्यात जड जाते आहे.

मागच्या आठवड्यात शाळेत सांगितलं, घरचा एक फोटो आणा आणि त्याबद्दल सात ओळी लिहा. बायकोने अल्बममधले चांगले चांगले, हसरे, रांगेत उभे असलेले फोटो काढून दिले. तिने ते बाजूला सारले आणि मी कपाटामागे दडवलेलं ते वर्तमानपत्राचं कात्रण ओढून काढलं. मग पट्टी घेऊन बराच वेळ काहीतरी मोजत बसली. वही मी दोन दिवसांनी दुकानात वाचली, गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लावून. लिहिलं होतं : फोटोत पाच माणसं आहेत. तीन खुर्च्या आहेत. आत्याने सतरा नंबरची बट कापली. अकरा नंबरची कापायची होती. मला कोणी विचारलं नाही. आत्याची बट सरळ आहे. बाबांच्या दहा बटा तिरक्या आहेत. बाईंनी खाली शेरा मारला होता, 'छान निरीक्षण. पण भावनाही लिही.' त्याखाली तिने आठवी ओळ घातली होती : सगळे ओरडत आहेत.

गिऱ्हाइकाचा साबण वाळून गेला. मी भिंग आणलं, पट्टी आणली, कात्रण उजेडात धरलं. ताई, खरं आहे. माझ्या दहाच्या दहा बटा डावीकडे उतरत गेल्या आहेत, अंगणाच्या उतारासारख्या. आणि तुझी, मागून, घाईत, कापडाच्या कात्रीने कापलेली एकुलती एक बट ओळंब्यात आहे. तीस वर्षं या धंद्यात आहे मी! पण त्या वहीपाशी मला धंद्याची लाज नाही वाटली. लाज वाटली ती दोन वर्षं तिच्या मनातलं मीच बोलत राहिलो याची. ती आवाजाने किंचाळली नव्हती, तुला भिऊन तर नाहीच. अकरानंतर सतरा आले म्हणून किंचाळली होती, आणि न विचारता आले म्हणून.

संध्याकाळी ती खुर्चीत बसली तेव्हा मी सवयीने कात्री उचलली, मग ठेवली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा निराळं विचारलं. कोणी कापू? ती लगेच म्हणाली, "आत्या." जणू काही उत्तर केव्हाचं तयार होतं, प्रश्नच यायचा बाकी होता. मी म्हणालो, आत्या रागावली आहे, येत नाही. "का?" मी म्हणालो, मी तिला लागेल असं बोललो. "काय?" आता तिच्याशी आडवळणाने बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून शांततेच्या तासात, साबण लावलेल्या दोन गिऱ्हाइकांच्या आणि हेडमास्तरांच्या देखत, मी ते वाक्य पुन्हा उच्चारलं. म्हणालो, मी आत्याला म्हणालो की तुला स्वतःचं मूल नाही, तुला काय कळणार? तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुला मूल आहे. तुलाही कळलं नाही." हेडमास्तर तेवढे नियम मोडून हळूच म्हणाले, पैकीच्या पैकी मार्क.

तर ताई, पत्र लिहिलं ते यासाठी. ते वाक्य खोटं होतं, क्रूर होतं, आणि ते कुठे लागेल हे पुरतं ठाऊक असूनच मी बोललो होतो. मला माफ कर. दुसरं म्हणजे, माझ्या मुलीने दुकान बदललं नाही, पण कारागीर बदलला आहे. तेरा बटा राहिल्या आहेत. मी सुचवून पाहिलं की दोन वर्षांत सगळेच वाढलेत, आत्याने एकपासून सुरू करावं, तर तिने माझी कीव करत सांगितलं की दहानंतर अकरा येतात. रोज एक, मधे दोन सुट्ट्या, म्हणजे बरोबर पंधरा दिवस. एवढे दिवस तू शिलाईचं काम टाकून येशील का, हे मला माहीत नाही. आमचं घर आधी म्हणताना मी तुला घराबाहेर मोजलं, त्यामुळे हक्काने बोलवायला तोंड उरलेलं नाही. मी तिला म्हणालो, आत्या येईल असं परस्पर कसं सांगू? ती माझ्याशेजारीच बसली आहे, पत्र कधी संपतं याची वाट बघत. म्हणाली, "विचार." तेवढंच करतो आहे, ताई. येशील का?

तुझाच,
तिरक्या हाताचा धाकटा